मशीन दिले, आता खालचा दोराही शिकवा

ब्लाउजच्या बाहीवर हिरव्या दोऱ्याने मोर भरला जात असतो आणि पिसाऱ्याच्या कडेला मध्येच बारीक पांढरे ठिपके दिसू लागतात. कापड उलटे करून पाहावे तर मागे हिरवा दोरा जवळपास नाहीच, नुसती पांढरी पट्टी. मशीनवर भरतकाम करणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठिपके ओळखीचे आहेत. बॉबिनमधला खालचा दोरा वर ओढला जातो आहे, एवढाच त्याचा अर्थ. पण नुकसान मोठे असते. उसवावे तर रेशमी कापडावर सुईची छिद्रे राहतात, तसेच द्यावे तर गिऱ्हाईक घेत नाही. ब्लाउजपीस साडीतलाच असेल तर पैसे देऊनही तसा दुसरा मिळत नाही.

हा दोष बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, घरच्या घरी दूर होतो. त्याला ना महागडा सुटा भाग लागतो, ना कारखान्यातले शिक्षण. तरीही मशीनवर कापड टाकून मेकॅनिकची वाट पाहण्यात दिवस जातात. शिलाई आणि भरतकामाच्या मशीनसाठी सरकार अनुदान देते, बँका कर्ज देतात, संस्था वाटप करतात. त्या सगळ्यांनी मशीनबरोबर हे पंधरा मिनिटांचे ज्ञानही दिले पाहिजे, आणि ते बाईच्या भाषेत व तिच्या हातात उतरेल अशा रीतीने दिले पाहिजे.

इचोड्यासारख्या गावाकडून पाहिले की या मागणीची निकड कळते. आदिलाबाद जिल्ह्यातले हे मंडलाचे ठिकाण निर्मलहून आदिलाबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. हैदराबाद इथून अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे, नागपूर दोनशेच्या पुढे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्राकडे गेले, जिल्ह्याचा बाकीचा भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४पासून तेलंगणात आहे. त्यामुळे या पट्ट्यात घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू, गुड्यांवर गोंडी आणि तांड्यांवर बंजारा बोली असा रोजचा व्यवहार चालतो. जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. मशीनच्या खोक्यातली पुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते, फार तर सोबत हिंदी.

कामाला इथे तोटा नाही. तेलंगणात लग्नाच्या ब्लाउजवर भरतकाम हवेच. मग्गम या चौकटीवर ताणलेल्या कापडावर हाताने केलेले काम ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी मशीनवरचे ‘वर्क’ असते. लग्नसराई, बतुकम्मा, दसरा, दिवाळी हा हंगाम. २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने सरकारी शाळांचे गणवेश शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे सोपवले, तेव्हा गावोगावची साधी शिलाई मशीनेही कामाला लागली. अशा दिवसांत मशीन दोन दिवस बंद राहिले तर त्या दोन दिवसांची मजुरी तर बुडतेच, वर मुहूर्ताला ब्लाउज न मिळालेले गिऱ्हाईकही तुटते.

खालच्या दोऱ्यात नेमके बिघडते काय, हे समजायला टाका कसा बसतो ते पाहावे लागते. वरचा दोरा सुईबरोबर कापडाखाली जातो. तिथे फिरणाऱ्या शटलचे टोक त्याचा फासा पकडते आणि बॉबिन केसभोवती फिरवून आणते. त्या फेऱ्यात वरचा दोरा खालच्या दोऱ्यात अडकतो आणि टाका पक्का होतो. साध्या शिलाईत ही गाठ कापडाच्या जाडीत, अगदी मध्ये बसावी लागते. भरतकामात तसे चालत नाही. तिथे गाठ मुद्दाम खाली ओढलेली हवी, म्हणजे वर फक्त रंगीत दोरा दिसतो. म्हणूनच भरतकामात खालचा दोरा बारीक असतो आणि वरच्या दोऱ्याचे टेन्शन हलके ठेवतात. शिलाईसाठी बसवलेल्या टेन्शनवर भरतकाम करायला घेतले की पांढरे ठिपके वर यायला इथूनच सुरुवात होते.

टेन्शन बरोबर आहे की नाही, हे कापडाची मागची बाजू सांगते. चार-पाच मिलिमीटर रुंद आणि इंचभर लांब अशी भरीव साटीन पट्टी नेहमीच्याच कापडावर, नेहमीचेच बकरम किंवा पेपर लावून भरावी आणि उलटी करून पाहावी. मधला एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना एकेक तृतीयांश रंगीत दोरा दिसला तर टेन्शन जमले आहे. पांढरा भाग त्याहून फार रुंद असेल तर वरचा दोरा घट्ट आहे किंवा खालचा सैल. पांढरे अजिबात दिसत नसेल तर उलट. ही खूण वाचायला अक्षरओळखही लागत नाही.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. कापडाखाली दोऱ्यांचा गोळा झाला, मशीन अडकले, की हात आधी बॉबिन केसच्या स्क्रूकडे जातो. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालच्या दोऱ्याचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण असा गोळा बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो किंवा दोरा वर ओढणाऱ्या दांडीतून सुटलेला असतो. ताण नसलेला दोरा सुईबरोबर खाली जातो आणि वर ओढला न जाता तिथेच साठतो. घरगुती मशीनमध्ये दाबपट्टी वर उचलली की चकत्या सैल होतात, दोरा ओवायचा तो तेव्हाच. दाबपट्टी खाली ठेवून ओवला तर तो चकत्यांच्या आत शिरत नाही. अशा वेळी ज्या बाईने खालचा स्क्रू फिरवला, तिचा मूळ दोष तसाच राहतो आणि नवा दोष पदरात पडतो.

म्हणून तपासणीला क्रम हवा. आधी दाबपट्टी उचलून वरचा दोरा पूर्ण काढायचा आणि पुन्हा ओवायचा. मग सुई बदलायची. वाकलेली किंवा टोक गेलेली सुई डोळ्यांना दिसत नाही, पण टाका सोडते. जरीच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची, ९० नंबरची सुई द्यायची आणि वेग कमी ठेवायचा. ७५ नंबरच्या सुईत जर घासून सोलली जाते. त्यानंतर बॉबिन पाहायची. भरणी एकसारखी आहे का, जुन्या उरलेल्या दोऱ्यावरच नवा गुंडाळला आहे का, केसमध्ये ती बरोबर दिशेने बसली आहे का. शिलाईचा जाड, लव असलेला दोरा बॉबिनमध्ये भरून त्यावर भरतकाम करण्याची पद्धत सर्रास आढळते, कारण तो घरात असतोच. पण त्या दोऱ्याला केसचे टेन्शन वेगळे लागते. बारीक पॉलिस्टर बॉबिन दोरा वापरला तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

यानंतर सफाई. बॉबिन केसच्या बाहेरच्या बाजूला एक पातळ पोलादी पट्टी असते, तिच्याखालून खालचा दोरा सरकतो आणि तीच पट्टी त्याला ताण देते. आदिलाबाद कापसाचा जिल्हा, अंगावर आणि मशीनवर सुती कापड भरपूर. त्या कापडाची आणि दोऱ्याची लव पट्टीखाली दाबली जाते. लवेचा एवढासा पुंजका पट्टी उचलून धरतो आणि स्क्रू घट्ट असूनही दोरा सैल सुटतो. जाड कागदाचा किंवा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा कोपरा पट्टीखालून दोऱ्याच्या वाटेने सरकवला की पुंजका निघून येतो. सुईने किंवा टाचणीने मात्र तिथे कोरू नये. पट्टीवर ओरखडा पडला की दोरा दर वेळी त्यातच अडकत राहतो. शटलच्या खोबणीतली लव मऊ ब्रशने काढावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल तिथे तेलाचा एक थेंब द्यावा.

एवढे झाले की केसची परीक्षा. भरलेली बॉबिन केसमध्ये बसवून दोऱ्याचे टोक धरून ती लोंबकळत ठेवायची. आपोआप खाली घसरत गेली तर टेन्शन सैल. हलका हिसका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर भरतकामासाठी ठीक. हिसका देऊनही हललीच नाही तर घट्ट. कारखान्यांत यासाठी ग्रॅममध्ये ताण दाखवणारे गेज वापरतात आणि भरतकामाच्या बॉबिनसाठी साधारण १८ ते २५ ग्रॅमचा ताण ठेवतात. गेज महाग असते, लोंबकळती केस फुकट असते, आणि सरावल्या हाताला ती पुरते.

स्क्रूला हात लावायचा तो सगळ्यांत शेवटी. आधी पेनाने त्याची मूळ जागा खुणेसाठी आखून ठेवावी आणि मग घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटे होतील एवढेच फिरवावे. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल. दर फिरवणीनंतर पुन्हा साटीन पट्टी भरून पाहावी. स्क्रू फार सैल केला तर तो निसटतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढा तो स्क्रू जमिनीवर सापडत नाही. म्हणून हे काम ताटात किंवा पांढऱ्या कापडावर करावे.

हे ज्ञान गुप्त नाही, अवघडही नाही. तरी ते मशीनबरोबर बाईपर्यंत पोहोचत नाही, याला जुना इतिहास आहे. मुलहाउसच्या जोशुआ हेलमन यांनी १८२८ मध्ये भरतकामाचे पहिले हातमशीन बनवले. पुढे ती मशीने स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात शेतकऱ्यांच्या घराघरांत पोहोचली. तिथे मशीन चालवणारा बहुधा पुरुष असे, आणि शेकडो सुयांमध्ये दोरे ओवून देण्याचे काम बायका-मुलांच्या वाट्याला येई. १८६३ मध्ये स्विस इसाक ग्रोबली यांनी वरच्या सुईला खालच्या शटलची जोड देणारे मशीन केले. खालच्या दोऱ्याची भानगड भरतकामात आली ती त्याच्याबरोबर. दोरा ओवणारे हात एकीकडे आणि यंत्र जाणणारे डोके दुसरीकडे, ही वाटणी तेव्हापासूनची. आज मशीन बाईच्या नावावर आले आहे, पण स्क्रू ड्रायव्हर अजून दुसऱ्याच्या पिशवीत आहे.

यंत्रांबद्दल सावध असणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये रामचंद्रन या विद्यार्थ्याशी झालेल्या संभाषणात सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद मानले होते. माणसाला राबवणारे यंत्र त्यांना नको होते, माणसाचे कष्ट हलके करणारे चालणार होते. तोच निकष आज लावायला हवा. ज्या मशीनचा हप्ता बाई भरते, पण जे बिघडल्यावर तिला कोणाची तरी वाट पाहत बसावे लागते, त्याने तिचे कष्ट अर्धेच हलके केलेले असतात.

सरकारी चौकट यासाठी तयारच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. आयटीआयमध्ये शिवणतंत्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, भरतकामाचाही स्वतंत्र आहे. देखभाल हा विषय कागदावर असतोच. तो हातात किती उतरतो, हा खरा प्रश्न आहे. परीक्षा बाहीच्या कटिंगची आणि काज-बटणाची होते. बिघडवून ठेवलेले मशीन समोर ठेवून ‘हे चालू करून दाखवा’ असे विचारले गेले, तर प्रशिक्षणाचा भर आपोआप बदलेल.

स्त्रियांना यंत्रदुरुस्ती जमेल का, ही शंका आता कोणी उघड बोलत नाही, पण वागण्यात ती दिसते. तिचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून खेड्यांतल्या स्त्रियांना हातपंपाची दुरुस्ती शिकवली गेली. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, अनेक दलित होत्या, आणि पाना त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला होता. त्यांनी जमिनीतले पाइप उपसून पंप चालू केले. शिवणक्षेत्रातही २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘उषा सिलाई स्कूल’ उपक्रमात गावात वर्ग चालवणाऱ्या स्त्रियांना शिवणाबरोबर मशीनची देखभाल-दुरुस्ती शिकवली जाते. हातपंपापुढे बॉबिन केस म्हणजे तळहातावर मावणारी वस्तू.

विक्रेते यावर एक हरकत घेतात, आणि तिच्यात तथ्य आहे. अर्धवट माहितीवर बाया स्क्रू फिरवतील, मशीन आणखी बिघडेल आणि वॉरंटीचा वाद होईल, असे ते म्हणतात. काही कंपन्या मूळ केसच्या स्क्रूवर रंगाचा ठिपका लावून तो हलवू नका, असे सुचवतात. यावर तोडगा सोपा आहे. दोन केस ठेवाव्यात. कारखान्यातून आलेली केस जशीच्या तशी राहू द्यावी आणि जर, जाड दोरा किंवा वेगळ्या कामासाठी दुसरी वापरावी. साध्या मशीनची केस एका ब्लाउजच्या शिलाईच्या पैशांत येते.

मेकॅनिकचे पोटही यामुळे मारले जात नाही. सुई सर्वांत खालच्या जागेवरून दोन-अडीच मिलिमीटर वर आली की शटलचे टोक बरोबर तिच्या मागून जायला हवे. ही वेळ चुकली तर टाके सुटतात आणि ती जुळवणे हे जाणकाराचेच काम आहे. मोटर, बोर्ड, सुई आदळून शटलवर पडलेली खाच, हे सगळे त्याच्याकडेच जाणार. उलट ‘दोरा पुन्हा ओवला, सुई बदलली, पट्टी साफ केली, तरी टाका सुटतो’ असे फोनवर नेमके सांगणारी बाई त्याचाही फेरा वाचवते.

पन्नास हजार टाक्यांचे एक डिझाइन मिनिटाला ८०० टाक्यांच्या वेगाने न थांबता भरले तरी तासाहून जास्त वेळ लागतो. तेच दर पाच मिनिटांनी थांबत-अडकत भरावे लागले तर दुपार जाते. मजुरी ठरते ब्लाउजवर, तासावर नाही. त्यामुळे टेन्शन बिघडल्याचा सगळा भुर्दंड बाईच्याच वेळेतून वसूल होतो. तिचा वेळ कोणत्याही खात्याच्या हिशेबात दिसत नाही, म्हणूनच हा प्रश्न कोणाच्या टेबलावर येत नाही.

इचोड्यात आणि आसपासच्या मंडलांत हे काम लगेच सुरू करता येईल. मशीन देणाऱ्या प्रत्येक योजनेने अवजारांच्या संचात एक जादा बॉबिन केस, दहा बॉबिन, मऊ ब्रश, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि बारीक बॉबिन दोऱ्याचे एक रीळ घालावे. शिंपीकामाच्या प्रशिक्षणात एक पूर्ण सकाळ केवळ खालच्या दोऱ्यासाठी राखावी. बचत गटांच्या मंडल पातळीवरच्या संघाने आपल्यातल्या दोन-तीन जणींना पुढचे दुरुस्तीचे शिक्षण द्यावे आणि त्यांच्या फेरीचा मोबदला ठरवून द्यावा. पुस्तिका छापणाऱ्या कंपन्यांनी आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा या पट्ट्यात मराठी आणि तेलुगू अशा दोन्ही भाषांत एक पानी चित्रपत्रक द्यावे. त्यावर कापडाच्या मागच्या बाजूचे तीन खरे नमुने चिकटवलेले असावेत: घट्ट, सैल आणि बरोबर. ते पत्रक मशीनसमोरच्या भिंतीवर लागले, की भरलेली पट्टी शेजारी धरून बाईला स्वतःच ठरवता येईल, आज वरचा दोरा पुन्हा ओवायचा, पट्टीखालची लव काढायची, की स्क्रू पाच मिनिटे डावीकडे न्यायचा.